पाहुणीचं ताट

ऑपरेशन होऊन घरी आले तेव्हा मला पहिली किळस आली ती नवऱ्याच्या जेवण्याची. लग्नाला दहा-बारा वर्षं होत आली होती, आणि हा माणूस जेवताना एवढा आवाज करतो हे मला तोवर कळलंच नव्हतं. कळणार तरी कसं, मीही शेजारी बसून तेवढ्याच जोमाने ओरपत असायची. आता मी वाटीत डाळीचं गाळलेलं पाणी घेऊन बसायची आणि समोर तो वरणभात कालवायचा. बोटांच्या फटींतून पिवळं वरण मनगटाकडे ओघळायचं, ते तो कोपरापर्यंत जाऊ न देता मध्येच चाटून घ्यायचा. मी उठून मागच्या अंगणात जाऊन बसायची. तिथे दोरीवरच्या कपड्यांवर वीज केंद्राची राख बसलेली असायची. तिला निदान वास तरी नव्हता.

आम्ही ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये राहायचो. नवरा वीज केंद्रात पाळीवर जायचा, मी घर सांभाळायची. दोन हजार साल उलटून काही वर्षं झाली होती, तरी वजन कमी करायचं ऑपरेशन असतं हे आमच्याकडे कोणाच्या गावीही नव्हतं. माझे गुडघे गेले होते, रक्तातली साखर औषधाला जुमानत नव्हती, आणि मला पाहिलं की रिक्षावाले दुसरं गिऱ्हाईक शोधायचे. नागपूरच्या डॉक्टरांनी पोट कापून लिंबाएवढं ठेवलं आणि पुढचं आतडं वर ओढून त्याला जोडलं. आधी त्यांनी ते कागदावर चित्र काढून समजावलं होतं. चित्रात सगळं अगदी स्वच्छ दिसत होतं.

चित्रात फेस नव्हता. तो मला घरी आल्यावर कळला. घास जरा मोठा झाला, जरा घाईने गिळला, की तो छातीच्या मधोमध अडून बसायचा. पुढे जात नाही, मागे येत नाही. मग तोंडाला पाणी सुटायचं. साधं पाणी नव्हे, चिकट, पांढरं, तार धरणारं. गिळायची सोय नाही, कारण खाली वाट बंद. ते थुंकत बसायचं. ओकारी म्हणावी तर ओकारीही धड नाही. उलटी झाल्यावर माणसाला मोकळं वाटतं, इथे तेही नाही. हे सगळं थुंकायला मी श्रीखंडाचा एक रिकामा डबा ठेवला होता. झाकण घट्ट बसायचं म्हणून तो पसंत पडला. डब्यावर केशर-वेलचीचं चित्र होतं आणि आत माझी लाळ. त्यानंतर मी आजवर श्रीखंड खाल्लेलं नाही.

दवाखान्यातून एक भुकटीचा डबाही दिला होता, ताकदीसाठी. पाण्यात घोळून प्यायची. तिला खोट्या व्हॅनिलाचा वास यायचा, आणि प्यायल्यावर तासभर त्याच वासाचे ढेकर. तोंडाला घाण वास मारायचा, केस हातात यायचे. आणि क्वार्टरमधल्या बाया भेटून म्हणायच्या, किती छान बारीक झालात, आम्हालाही सांगा ना काय करता. एकीला सांगावंसं वाटलं की बाई, चल घरात, तो डबा उघडून दाखवते. पण मी हसून म्हणायची, पित्ताचे खडे काढले, पथ्यावर आहे.

हे खडे आम्ही सगळ्यांनाच सांगितले होते, माहेरीही. त्याला कारण माझी धाकटी बहीण. वडशाजवळच्या आमच्या गावी ती बाबांपाशी राहायची आणि शिलाईचं काम करायची. आई केव्हाच गेली होती, बाबांचे पाय निकामी झाले होते. तिचं लग्न जुळवायचं राहिलं होतं. एकदा जुळत आलेलं मोडलं, का, तर बाबांना खोकला आहे, घरात टीबी असेल असं कोणीतरी मुलाकडच्यांच्या कानात सांगितलं. आता मोठ्या बहिणीचं आतडं कापलं असं कळलं असतं तर लोकांनी कॅन्सरच ठरवला असता. म्हणून खडे.

ऑपरेशनला दीडेक महिना झाला असेल, तेवढ्यात मामाचा फोन आला. स्थळ आलं होतं. मुलगा वनखात्यात वनरक्षक, आमच्यासारखंच तलावावर मासे धरणारं घर, थोडी धानाची शेती. त्यांनी येऊन धाकटीला पाहिलं होतं, पसंतही केलं होतं. धाकटी मला फोनवर एवढंच म्हणाली, "माणूस बरा वाटला, बाई." तिच्या तोंडून एवढं मी पहिल्यांदाच ऐकत होते. आता आमची पाळी होती, घर पाहायला जायची.

आमच्याकडे घर पाहायला जाणं म्हणजे जेवायला जाणं. पाणी, चहा कुठेही घेता येतो, त्याला अर्थ नसतो. पण मुलाच्या घरचं जेवलात, तर घर पसंत. ताटाला हात न लावता उठलात, तर नापसंत. तोंडाने कोणाला काही बोलावं लागत नाही आणि कोणाचा मान जात नाही, अशी ही सोय आहे. पुरुष ओसरीवर जेवतात, बाई आत, चुलीपाशी. आई नसल्यामुळे आत जेवायची बाई म्हणजे मी.

मी मामाला म्हटलं, महिनाभर पुढे ढकल, मला अजून नीट खाता येत नाही. मामा म्हणाला, "थे लोक थांबन का? दुसऱ्या पोरीचं सांगून राह्यले त्याइले. तू फक्त दोन घास खाजो. पथ्य हाय म्हनून मी सांगतो, पन दोन घास खाच लागन."

दोन घास. जगात कोणाला दोन घासांची भीती वाटली नसेल तेवढी मला वाटली. मी घरी सराव करायला लागले. आणि सराव करता करता एक घाणेरडी युक्ती सापडली. घास तोंडात घ्यायचा, चव जाईपर्यंत चावायचा आणि गिळायच्या ऐवजी डब्यात थुंकायचा. तोंडाची हौस तोंडातच फेडायची. मी पुरणपोळी अशी खाल्ली, भजी अशी खाल्ली. नवरा पाळीवर गेला की मी स्वयंपाकघरात उभी राहून चावायची आणि थुंकायची. डब्यातला तो राखाडी लगदा पाहून स्वतःची शिसारी यायची, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

चांदा फोर्टहून सकाळच्या गाडीने आम्ही वडशाला गेलो, मी आणि नवरा. थंडीचे दिवस होते, गावात नाटकांचा हंगाम सुरू झालेला. भिंतीभिंतीवर पोस्टरं, रस्त्यावर भोंगा लावलेली जीप. मामा स्टेशनवर आला होता. तिथून काळीपिवळी जीपमध्ये बसून मुलाच्या गावी. डबा माझ्या पर्समध्ये होता. जीपमध्ये कोणाच्या तरी बिडीचा वास, कोणाच्या तरी मांडीवर कोंबडी, आणि माझ्या तोंडात पाणी सुटायला सुरुवात. मी खिडकीकडे तोंड करून बसले.

घर चांगलं होतं. हे मला आजही म्हणावंच लागेल. सारवलेलं अंगण, कुंपणावर वाळत टाकलेली जाळी, मागे बोडी, म्हणजे लहानसं तळं, पाण्यावर शिंगाड्याचा वेल पसरलेला. मुलगा खरंच बरा होता, नजर खाली ठेवून बोलत होता. मुलाची आई उंच, काटक, बोलायला मोकळी. आणि एक मोठी सून, वीस-बावीसची असेल, कमरेवर तान्हं मूल. सकाळपासून तीच मासे साफ करत असावी, तिच्या मनगटाला मासळीचं एक खवलं चिकटलं होतं. मला ते दिसलं आणि मग दुसरं काही दिसेना. तिने त्याच हाताने मला पाणी दिलं. मी पेला ओठाला लावला आणि ठेवला.

ओसरीवर पुरुषांची पंगत बसली. मामाचा आवाज येत होता, कालवण मस्त झालं, अजून वाढा. नवरा मुकाट जेवत होता, ओरपल्याचा आवाज मला आतपर्यंत ऐकू येत होता. ते उठले आणि मुलाच्या आईने मला पाटावर बसवलं. सून दाराशी उभी राहिली. पोरगं तिच्या खांद्यावर झोपलं होतं.

ताट आलं. भाताचा ढीग, त्यावर लाल तर्री. लाखोळीच्या डाळीचे वडे, तळलेले झिंगे, भेदराची म्हणजे टमाट्याची चटणी. मुलाच्या आईने कालवणाचा गंज तिरपा करून तळाशी राहिलेलं सगळं खरवडून माझ्या ताटात घातलं, आणि सगळ्यात वर मरळीचं डोकं ठेवलं.

"हे तुमच्यासाठीच ठेवलं होतं, बाई," ती म्हणाली. "मानसाइले नाई देल्लं."

मरळीचा डोळा पांढरा पडून बाहेर आला होता. तोंड अर्धवट उघडं, त्यात बारीक दात, दातांत तिखटाचा कण. डोकं म्हणजे पाहुण्याचा मान, हे मला कळत होतं. लहानपणी हेच डोकं मिळावं म्हणून मी धाकटीशी भांडलेली आहे. आता त्याचा वास नाकात शिरला आणि छातीत काहीतरी अडकल्यासारखं झालं, अजून एक घासही खाल्ला नव्हता तरी.

मी भाताची चार शितं आणि माशाचा कण उचलला, चावला, चावला, चावतच राहिले. मुलाची आई समोर बसून माश्या वारत होती, नजर माझ्या तोंडावर. गिळला. गेला. मी मनात म्हटलं, एक झाला. दुसरा घास अडला. तोंड फेसाने भरलं. मी खोकल्याचं सोंग केलं, पदर तोंडाला लावला, घास बोटांत घेतला आणि ताटातल्या भाताखाली दडपला. तिला कळलं नाही. मग मला वाटच सापडली. चावायचं, खोकायचं, भाताखाली घालायचं. डोक्याचे गाल मी कोरले, झिंगे चावले, वडा चावला, आणि सगळं त्या ढिगाखाली गेलं. ताट पाहून वाटावं की पाहुणी बरंच जेवली, भात तेवढा राहिला. मला माझाच वास येत होता. पण मला त्यावेळी फक्त धाकटीचा आवाज आठवत होता, माणूस बरा वाटला म्हणणारा. म्हटलं, अजून थोडा वेळ निभावून ने.

"बस झालं," मी म्हटलं. "पथ्य आहे हो. पण चव फार छान होती."

"ताटात राह्यलंच तुमच्या," ती म्हणाली, पण खूश होती. तिने ओसरीकडे तोंड करून सांगितलं, "जेवल्या बाई." बाहेर मामा मोठ्याने हसला. मी हात धुतले. जुळलं, असं मला वाटलं, आणि मी पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला.

तेवढ्यात ती सुनेला म्हणाली, "बस वं, जेवून घे. पोट्टं झोपलं हाय तवर."

सुनेने मूल चटईवर ठेवलं, पाटावर बसली आणि माझं ताट स्वतःकडे ओढलं.

मला यात नवल वाटायचं कारण नव्हतं. माझी आई बाबांच्या ताटात जेवायची. लग्न झाल्यावर पहिली काही वर्षं मीही नवऱ्याच्या ताटात जेवले आहे. पाहुण्याचं राहिलेलं अन्न टाकून देत नाहीत, घरच्या बाया खातात. हे मला माहीत होतं आणि थुंकताना मी ते साफ विसरले होते. तिने भातात हात घातला. पाच बोटं आत गेली.

"थांब," मी म्हटलं. "ते खाऊ नको."

दोघी माझ्याकडे बघायला लागल्या.

"मी त्यात घास थुंकलेत. मला गिळत नाही. भाताखाली आहेत."

बोलले आणि वाटलं, आता भूकंप होणार. काही झालं नाही. मुलाच्या आईने मला नीट न्याहाळलं. रागाने नाही.

"बिमार हा का, बाई?"

"नाही. ऑपरेशन झालंय. आजार नाही."

"मंग काय होते," ती म्हणाली, आणि सुनेकडे वळली. "तेवढं बाजूले सार. बाकीचं चांगलंच हाय."

आणि सून खरंच सारायला लागली. ही गोष्ट मी अनेकदा विसरायचा प्रयत्न केला आहे. तिने भाताचा ढीग बोटाने हळूच उकरला. माझ्या लाळेने चिकटलेले, राखाडी झालेले गोळे एकेक करून निघाले. ते तिने निगुतीने ताटाच्या काठावर मांडले, चांगला भात त्यांच्याबरोबर जाऊ नये म्हणून प्रत्येक गोळ्याला चिकटलेली शितं सोडवून घेत. तिच्या चेहऱ्यावर किळस नव्हती. तांदूळ निवडताना जसा चेहरा असतो, तसाच होता. मग तिने स्वच्छ उरलेल्या भाताचा घास केला.

तो तोंडाशी जायच्या आत मी ताट ओढून घेतलं. काय करते आहे याचा विचार नव्हता. माझ्या डोळ्यांसमोर त्या पाटावर धाकटी बसली होती आणि कोणीतरी तिला सांगत होतं, तेवढं बाजूला सार. मी ताट घेऊन उठले, ओसरीवरून, सगळ्या पुरुषांच्या समोरून चालत गेले आणि कुंपणापलीकडच्या उकिरड्यावर ते पालथं केलं. भात, झिंगे, मरळीचं डोकं, सगळं. कोंबड्या धावत आल्या, मागोमाग एक कुत्रा. आणि मग मला फेस आला. मी तिथेच उकिडवी बसले, डबा पर्समध्ये, पर्स आत, आणि तारा सुटलेलं ते पाणी मी त्या सारवलेल्या अंगणाच्या कडेला थुंकत राहिले.

मुलीकडच्या बाईने घरचं अन्न सगळ्यांदेखत उकिरड्यावर टाकलं आणि वर थुंकली. याच्यापेक्षा स्पष्ट नकार त्या मुलखात कोणी कधी दिला नसेल. मी उठून सांगायला हवं होतं की असं नाही, पण सांगणार काय? मुलाचे वडील नवऱ्याला हळू आवाजात म्हणाले, "ठीक हाय भाऊ. नाई पटलं तं नाई पटलं. असं कराचं नोयतं." मुलगा उठून मागच्या बाजूला निघून गेला. सुनेने आतून माझी पर्स आणून दिली आणि परत आत गेली.

जीपमध्ये बसल्यावर मामाने तोंड सोडलं. "नाई खाल्लं जाय तं नाई खाचं होतं. लोकाच्या अन्नाले लाथ माराले आली होती काय? काऊन केलं असं?" खरं सांगायचं तर मला वाईट वाटत नव्हतं. वाटत होती ती चीड. मी स्वतःशी भांडण जिंकत चालले होते: ज्या घरात सुनेला थुंकलेलं निवडून खायला सांगतात, तिथे माझी बहीण जाणार नाही, सरकारी नोकरी गेली खड्ड्यात. ऑपरेशनपासून मला सगळ्याची नुसती ओक येत होती. आज पहिल्यांदा ती ओक कशाच्या तरी कामी आली, असं मला वाटत होतं.

बाबांच्या घरी पोचलो तेव्हा धाकटी मशीनवर बसली होती. आम्हाला पाहून तिने पाय थांबवले नाहीत, पण शिवण वाकडी जायला लागली. मामा बाबांपाशी जाऊन बसला आणि तिकडूनच सुस्कारे सोडायला लागला. मी तिच्याजवळ खाली बसले आणि सगळं सांगितलं. ऑपरेशनचंही, खड्यांचं खोटंही, डब्याचंही. थुंकलेले घास, सुनेचं बोट, उकिरडा. जरा तिखटमीठ लावूनच सांगितलं, कारण मला तिने माझ्याबरोबर चिडायला हवं होतं. शेवटी म्हटलं, "सुटलीस. तुला त्या पाटावर बसवलं असतं."

ती मशीन चालवतच राहिली. मला वाटलं, मुलगा गेला म्हणून रागावली आहे.

"मंग तिनं काय खाल्लं?" ती म्हणाली.

"कोणी?"

"सुनेनं. थे ताट तं तू फेकलं."

मी म्हटलं, खाल्लं असेल काहीतरी, घर आहे, चूल आहे, नसेल का आत काही वाढून घ्यायला.

धाकटीने मशीनचं चाक हाताने थांबवलं. "लेकराले पाजते थे," ती म्हणाली. "आत काही असतं, तं तिले तुझ्या ताटावर बसवली असती का, बाई?"